हर्पिसचे फोड : नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावे



कुटुंबनियोजनाच्या पत्रकात तुम्ही आजवर तांबी, गोळ्या, निरोध आणि नसबंदी यांची माहिती वाचली असेल. हे पत्रक एका दुखण्याविषयी आहे. त्याचा आणि कुटुंबनियोजनाचा काय संबंध, असे वाटेल. तो पुढे कळेलच. आधी दुखणे समजून घेऊ.

लघवीच्या जागेवर किंवा तिच्या आजूबाजूला बारीक फोड उठतात, झोंबतात, फुटतात आणि काही दिवसांनी आपोआप बसतात. ज्याला होते तो कुणाला सांगत नाही. जागाच अशी, की दाखवायची कुणाला? बाई सासूला बोलत नाही, पुरुष दोस्ताला बोलत नाही, आणि पुष्कळदा नवरा-बायकोही एकमेकांना सांगत नाहीत. ‘उष्णता पडली असेल’ म्हणून सब्जा प्यायचा, गुलकंद खायचा आणि दुखणे अंगावर काढायचे. फोड बसले की सब्जाचाच गुण आला असे वाटते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फोड, आणि बहुतेक त्याच जागी.

हे उष्णतेचे काम नाही. हा हर्पिस नावाचा रोग आहे आणि तो विषाणूमुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजाप्रमाणे जगात १५ ते ४९ या वयाच्या ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियाच्या हर्पिसची लागण झालेली आहे. म्हणजे त्या वयाच्या दर पाच माणसांमागे एकाहून थोडी जास्तच. त्यांतल्या पुष्कळांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताही नाही. तेव्हा हे दुखणे ‘तसल्या’ लोकांचे आहे, चांगल्या घरात होत नाही, ही समजूत पहिल्यांदा सोडून द्या.

नागीण ती वेगळी

काही ठिकाणी या रोगाला ‘खालची नागीण’ म्हणतात. नाव ऐकूनच घरात रडारड सुरू होते. पण आपल्याकडे जिला नागीण म्हणतात ती छातीवर, पाठीवर, कंबरेला किंवा कधी चेहऱ्यावर, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत, चुलत भावंडे म्हणा हवे तर. पण रोग निराळे.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे म्हातारी माणसे सांगतात. तेही खरे नाही. हे एवढ्यासाठी सांगितले, की नागीण उतरवणाऱ्याकडे खालचे फोड घेऊन जाणारे लोक आहेत. तिथे मंत्र होतो, गेरूचा लेप होतो. आठ-दहा दिवसांत फोड बसायचेच असतात, ते बसतात, आणि मांत्रिकाचे नाव होते. रोग आत तसाच राहतो.

हर्पिसच्या विषाणूच्या दोन जाती आहेत. पहिली जात बहुतेक तोंडाची. ताप येऊन गेला की पुष्कळांच्या ओठाच्या कडेला पुळ्यांचा घोस उठतो, तो या जातीचा. ती लहानपणीच घरातल्या माणसांकडून लागते. दुसरी जात खालच्या जागेची. ती शरीरसंबंधातून लागते. मात्र पहिली जातही तोंडावाटे खालच्या जागी पोचू शकते. नवरा-बायकोंपैकी एकाच्या ओठावर पुळ्या असताना तोंडाचा तिथे संबंध आला, तर खाली फोड उठतील. लिहायला आम्हांलाही संकोच वाटतो, पण न लिहिले तर कळणार कसे?

ओळखावे कसे

लागण झाल्यावर दोन ते बारा दिवसांत पहिले फोड येऊ शकतात. आधी त्या जागी चुरचुर होते, खाज सुटते, मुंग्या आल्यासारखे वाटते. मग लालसर जागेवर बारीक बारीक, पाण्याने भरलेले फोड घोसाने उठतात. एक-दोन दिवसांत ते फुटतात आणि लालभडक चरे पडतात. त्यांना मीठ लागल्यासारखी आग होते. पुरुषाला शिश्नावर, कातडीच्या आत, अंडांच्या पिशवीवर. बाईला मायांगाच्या ओठांवर, आत, कधी गर्भपिशवीच्या तोंडावर. दोघांनाही जांघेत, ढुंगणावर किंवा गुदद्वाराजवळ होऊ शकतात. गर्भपिशवीच्या तोंडावरचे फोड बाहेरून दिसतच नाहीत. अंगावरून थोडे पाणी जाते एवढेच कळते.

पहिली खेप सगळ्यांत कडक. अंगात कणकण असते, ताप येतो, डोके दुखते, जांघेत अवधाण येते. बाईला लघवी करताना इतके झोंबते की ती पाणी प्यायचेच सोडते. लघवी तुंबण्यापर्यंत पाळी येऊ शकते. पूर्ण बरे व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढच्या खेपा हलक्या. चार-दोन फोड आणि आठवडा-दहा दिवसांत खपली.

पण सगळ्यांनाच अशी ठळक खूण होते असे नाही. कित्येकांना फक्त एखादी चीर पडते, कातडी सोलल्यासारखी होते. ‘लुगड्याचा काच बसला’, ‘सायकलच्या सीटने सोलवटले’ असे म्हणून ते सोडून देतात. आणि कित्येकांना आयुष्यात एकही फोड येत नाही, तरी विषाणू अंगात असतो.

फोड कोणत्याही रोगाचा असू शकतो, हेही लक्षात ठेवा. गरमी, म्हणजे उपदंश, यात बहुधा एकच टणक व्रण होतो आणि तो दुखत नाही. न दुखणारा म्हणून लोक सोडून देतात आणि पुढे तो रोग काळीज आणि मेंदूपर्यंत पोचतो. गरमी पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने पूर्ण बरी होते. खरजेचे फोडही तिथे उठतात. तेव्हा घरीच ठरवू नका. डॉक्टरने पाहिल्याशिवाय यांतले कोणते आहे ते कळत नाही.

रानातला लव्हाळा

शेतात लव्हाळा झाला की तुम्ही काय करता? खुरपून काढता. रान साफ दिसते. पण जमिनीखाली त्याची गाठ शिल्लक असते. पाऊस पडला, की आठवड्यात पुन्हा हिरवे कोंब वर.

हर्पिसचे तसेच. विषाणू कातडीतून शिरतो, तिथे फोड आणतो आणि मग मज्जातंतूंच्या वाटेने आत सरकत जाऊन माकडहाडाच्या वर, मणक्याजवळच्या तंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथे तो झोपून राहतो. शरीराची रोग हटवणारी ताकद त्याला तिथून काढू शकत नाही आणि कोणतेही औषधही अजून काढू शकत नाही. मधूनच तो जागा होतो, त्याच वाटेने कातडीकडे परत येतो आणि फोड उठतात. म्हणून ते त्याच भागात उठतात. ताप, फार दगदग, जागरण, बाईची पाळी, मनावरचा ताण, अशा वेळी तो उठतो असे पुष्कळ रोग्यांना अनुभवाने कळते. सुगीत, लग्नसराईत किंवा ऊसतोडीच्या हंगामात त्रास वाढल्यासारखा वाटतो, तो अशा दगदगीमुळे असू शकतो.

दुसऱ्या जातीचा विषाणू असेल तर पहिल्या वर्षी चार-पाच खेपा होणे नवल नाही. पहिल्या जातीचा असेल तर फार कमी. वर्षे जातात तशा दोन्हींच्या खेपा विरळ होत जातात. काहींच्या पुढे बंदच पडतात.

दुसऱ्याला लागतो कसा

कातडीला कातडी घासून. फोड असताना सगळ्यांत जास्त, कारण फोडातल्या पाण्यात विषाणू खच्चून भरलेला असतो. फोड येण्याआधी चुरचुर सुरू होते त्या दिवसापासून, खपली पडून खाली कोरी कातडी येईपर्यंतचे दिवस धोक्याचे.

पण अडचणीची गोष्ट पुढे आहे. एकही फोड नसताना, काही त्रास होत नसतानाही, विषाणू मधूनमधून कातडीवर येऊन जातो. तो दिवस कळत नाही. पुष्कळ जोडप्यांत लागण झाली ती अशाच दिवशी झालेली असते. देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही.

एकत्र जेवल्याने, एका तांब्यातून पाणी प्यायल्याने, एका खाटेवर निजल्याने, ओढ्यावर सगळ्यांचे कपडे एकत्र धुतल्याने, सार्वजनिक संडास वापरल्याने किंवा डासांमुळे खालचा हर्पिस लागत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही. ज्या बाईला हे झाले आहे तिची ताटवाटी वेगळी करणे, तिला चुलीपाशी येऊ न देणे, याला काहीही आधार नाही.

कुणी आणला, हा प्रश्न

आता ज्या गोष्टीमुळे घरे मोडतात तिच्याकडे येऊ.

समजा, लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत. दोन मुले आहेत. बायकोला पहिल्यांदाच फोड उठले आणि डॉक्टरांनी हर्पिस सांगितला. नवऱ्याला कधी काही झालेले नाही. तो म्हणतो, मला नाही, तर तुला कुठून आला? सासू ऐकते. दोन दिवसांत गाठोडे बांधून बाईला माहेरी धाडतात.

या नवऱ्याचे ‘मला नाही’ हेच मुळात कच्चे आहे. वर सांगितल्याप्रमाणे विषाणू असलेल्या पुष्कळांना फोड आलेलेच नसतात, किंवा आले ते ओळखता आलेले नसतात. त्याला लग्नाआधी लागण झालेली असेल आणि नऊ वर्षे तो झोपलेला विषाणू सांभाळत असेल. किंवा बायकोच्या अंगात तो कित्येक वर्षांपासून असेल आणि बाळंतपण, आजारपण, अशक्तपणा यांच्यानंतर आज पहिल्यांदा वर आला असेल. पहिला फोड दिसला तो दिवस आणि लागण झाली तो दिवस यांत वर्षांचे अंतर असू शकते. किंवा तो तोंडाकडून आलेला पहिल्या जातीचा असेल, म्हणजे ज्या ओठांवरच्या पुळ्या सासूलाही लहानपणापासून येतात तोच!

पुरुषाला फोड उठले आणि बायको कोरी असली, तरी हिशेब हाच. तो परगावी ड्रायव्हर आहे किंवा मुंबईला कामाला आहे, एवढ्यावरून गुन्हा शाबीत होत नाही.

कोणत्या महिन्यात, कुणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर फोड पाहून सांगू शकत नाही. रक्त तपासूनही सांगता येत नाही. जे डॉक्टरला सांगता येत नाही ते भावकीने बसून ठरवू नये.

कधी कधी बाहेरचा संबंध घडलेला असतो, हेही आम्ही नाकारत नाही. घडला असेल तर ज्याचे त्याला ठाऊक असते. अशा वेळी भांडण करायचे की माफ करायचे, हे तुमचे तुम्ही पाहा. आरोग्य खात्याचे म्हणणे एवढेच, की दोघांनीही एच.आय.व्ही. आणि गरमीची रक्ततपासणी करून घ्यावी. कारण हर्पिसच्या दुसऱ्या जातीची लागण असलेल्या माणसाला एच.आय.व्ही. लागण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. फोडांच्या चऱ्यांतून त्याला आत शिरायला उघडे दारच मिळते.

बायका दुखणे किती लपवतात याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. ते काम १९८९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. शंभरांतल्या ९२ बायकांना स्त्रियांचा कोणता ना कोणता विकार किंवा गुप्तरोग निघाला. त्यांतल्या फक्त ८ टक्के बायकांची त्याआधी कधी आतून तपासणी झाली होती. म्हणजे दुखणे जवळजवळ प्रत्येकीला आणि डॉक्टरपर्यंत पोचलेली बारांत एक. आज आशाताई गावातच आहे, रस्ते झाले आहेत. पण ‘तिथले’ दुखणे सांगताना खाली जाणारी मान अजून खालीच जाते.

तांबी बसवली आहे, मग काय भीती?

अशी विचारणा पुष्कळदा होते. तांबी, माला-एन गोळ्या, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन आणि दोन्ही प्रकारची नसबंदी ही साधने पाळणा थांबवण्यासाठी आहेत. त्यांच्याने मूल राहत नाही, पण हर्पिस, गरमी, परमा किंवा एच.आय.व्ही. अडत नाही. नसबंदी झालेल्या माणसाला वाटते आता निरोधाची गरज सरली. मुलाबाळांच्या हिशेबाने सरली. रोगाच्या हिशेबाने नाही.

दोन्ही कामे करणारे साधन एकच, ते निरोध. निरोध आपल्या देशात १९६८ साली आला तेव्हा तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना होते. आज तो सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो आणि आशाताईकडेही असतो. हर्पिसच्या बाबतीत मात्र निरोधाविषयी खरे ते सांगितले पाहिजे. त्याने धोका बराच कमी होतो, विशेषतः पुरुषाकडून बाईला लागण्याचा. पण पूर्ण जात नाही. कारण निरोध झाकतो तेवढीच कातडी झाकली जाते. अंडांच्या पिशवीवर, जांघेत किंवा बाईच्या बाहेरच्या ओठांवर फोड असेल तर तो उघडाच राहतो. म्हणून फोड असताना निरोध लावूनही संबंध नको. इतर दिवसांत निरोध दर वेळी, सुरुवातीपासून लावावा.

ज्या जोडप्यात एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, त्यांनी धीर सोडू नये. २००४ साली अशा १,४८४ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना निरोध वापरण्याचा सल्ला दिलेला होता. लागण असलेल्या जोडीदारांपैकी निम्म्यांना आठ महिने रोज व्हॅलासायक्लोव्हिर या औषधाची गोळी दिली आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. औषध नसलेल्या गटात शंभरांतल्या ३.६ जोडीदारांना लागण झाली, औषधाच्या गटात १.९. म्हणजे औषधाने धोका जवळजवळ निम्मा झाला. आणि दुसरी गोष्ट अशी, की औषध नसतानाही आठ महिन्यांत शंभरांतले शहाण्णव जोडीदार कोरे राहिले. एकाला झाला म्हणजे दुसऱ्याला झालाच, असे नाही.

हर्पिस झालेल्या बाईला तांबी, गोळ्या, इंजेक्शन यांपैकी काहीही चालते. तांबी बसवायची किंवा नसबंदी करायची असेल आणि त्या वेळी फोड असतील तर ते वाळेपर्यंत थांबावे, एवढेच. हर्पिसमुळे वांझपण येत नाही आणि पुरुषाची ताकदही जात नाही.

पोटात मूल असताना

या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. बाकीचे विसरलात तरी चालेल.

मोठ्या माणसाला हर्पिसने सहसा जिवाचा धोका नसतो. नुकत्या जन्मलेल्या मुलाला असतो. बाळ बाहेर येताना वाटेत फोड किंवा विषाणू असेल तर तो त्याच्या कातडीला, डोळ्यांना, तोंडाला लागतो आणि त्याच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असे फार थोड्या मुलांना होते, पण झाले तर मूल दगावते किंवा जन्माचे अधू होते.

आता नीट लक्ष द्या. आईला जुना हर्पिस असेल, म्हणजे गरोदर राहण्याआधीपासून किंवा पहिल्या महिन्यांतला, तर मुलाला लागण्याची शक्यता शंभरांत एकाहूनही कमी असते. कारण तिच्या रक्तात रोगाशी झगडणारी द्रव्ये तयार झालेली असतात आणि ती नाळेतून मुलालाही मिळतात. पण आईला पहिल्यांदाच लागण शेवटच्या दिवसांत झाली, तर तेवढी द्रव्ये तयार व्हायला वेळच मिळत नाही. मग हीच शक्यता शंभरांत तीस ते पन्नास होते. तेव्हा खरा धोका जुन्या रोगी बाईला नाही. जिला आजवर नव्हता आणि आठव्या-नवव्या महिन्यात लागला, तिला आहे.

म्हणून पुरुषांना सांगणे, की तुम्हांला कधीही असे फोड आले असतील आणि बायकोला आलेले नसतील, तर शेवटच्या तीन महिन्यांत संबंध ठेवू नका. ओठावर पुळ्या येत असतील तर तोंडाचाही तिथे संबंध नको. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी नेण्याची आपल्याकडची चाल या बाबतीत उपयोगी पडते. मात्र जावईबापू दर रविवारी मुक्कामाला येत असतील तर त्या चालीचा फायदा राहत नाही.

बायकांनी गरोदरपणात नाव नोंदवतानाच नर्सताईला सांगावे, की मला पूर्वी फोड आले होते, किंवा माझ्या मालकांना येतात. डॉक्टर शेवटच्या महिन्यात, छत्तिसाव्या आठवड्यापासून, असायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी फोड उठण्याची शक्यता कमी होते. गरोदरपणात ही गोळी घेण्याचा अनुभव आता पुष्कळ वर्षांचा आहे आणि त्यात मुलाला अपाय आढळलेला नाही. कळा सुरू झाल्यावर फोड असतील किंवा चुरचुर होत असेल, तर सिझेरियन करून मूल काढणे योग्य ठरते. त्याची सोय उपकेंद्रात नसते. म्हणून आधीच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जायचे ठरवून ठेवावे. फोड नसतील तर जुना हर्पिस असूनही नेहमीसारखे बाळंतपण होऊ शकते.

बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. स्तनावरच फोड असेल तर त्या बाजूचे पाजू नये. फोडाला हात लागला तर साबणाने हात धुऊन मगच बाळाला घ्यावे. आणि घरात पाहुण्यांना एक गोष्ट तोंडावर सांगायला लाजू नका : ज्यांच्या ओठावर पुळ्या आहेत त्यांनी बाळाचा मुका घ्यायचा नाही. आत्या असो की आजोबा. ओठांवरच्या पुळ्यांचा विषाणूही नवजात मुलाला घातक ठरतो.

पहिल्या चार आठवड्यांत बाळाच्या अंगावर पाण्याचे फोड दिसले, ते अंगावर ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, झटके आले, तर दृष्ट काढत बसू नका, १०८ला फोन करा. रुग्णालयात शिरेतून औषध सुरू करावे लागते आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

औषधपाणी

हर्पिस मुळासकट काढणारे औषध नाही आणि त्याची लसही अजून निघालेली नाही. ‘गॅरंटीने कायमचा बरा करतो’ अशा भिंतीवरच्या जाहिराती खोट्या आहेत. त्या तंबूंत गेलेले पैसे परत येत नाहीत.

पण त्रास निश्चित कमी करता येतो. असायक्लोव्हिर या गोळीने फोड लवकर वाळतात आणि आग कमी होते. १९८२च्या सुमारास हे औषध वापरात आले. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते निघाले त्या गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ बाईंना औषधांवरच्या कामासाठी १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीचे माप ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पहिल्या खेपेला सात ते दहा दिवस. पण माप डॉक्टरांनीच ठरवायचे, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर आवर्जून. गोळी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. पुन्हा फोड उठण्याच्या खेपेत पहिल्या चोवीस तासांत घेतली तर गुण चांगला. वर्षात फार वेळा त्रास होत असेल तर रोज गोळी घेण्याचाही उपाय आहे.

फोड स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे ठेवावेत. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून टबात किंवा घमेल्यात बसले तर बरे वाटते. लघवी झोंबत असेल तर त्याच वेळी वरून पाणी ओतावे, आणि पाणी पिणे सोडू नये. लघवी घट्ट झाली की जास्तच झोंबते. सैल सुती कपडे घालावेत. फोडाला लावलेला हात डोळ्याला लावू नये. डोळ्यात हर्पिस झाला तर नजर जाऊ शकते.

चुना, तंबाखू, मोरचूद, राख यांतले काही लावू नका. दुकानातून मागून आणलेली खाजेची ट्यूबही नको. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते, त्याने खाज तेवढ्यापुरती थांबते आणि फोड पसरतात.

रक्ततपासणीविषयी एक सावधगिरी. एखाद्या बाईचा गर्भ दोन-तीनदा पडला की शहरातल्या लॅबमध्ये ‘टॉर्च’ नावाची महागडी तपासणी करायला सांगतात, आणि कागदावर हर्पिस लिहून आला की घरात गोंधळ उडतो. त्यातली आय.जी.एम. नावाची चाचणी हर्पिससाठी भरवशाची नाही. रोग नसतानाही ती ‘आहे’ असे दाखवू शकते. शिवाय पुन्हा पुन्हा गर्भ पडण्याचे कारण हर्पिस नसते. असा कागद हाती आला तर त्यावरून बाईला बोल न लावता तो स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

जायचे कुठे

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावे. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असते. राष्ट्रीय कार्यक्रमाने या रोगांची औषधे रंगीत पाकिटांतून देण्याची पद्धत घातली, तीत हर्पिसच्या फोडांसाठी लाल पाकीट ठरवले आहे. तपासणी आणि औषध यांना पैसे पडत नाहीत. एच.आय.व्ही.ची चाचणीही सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि तिचा निकाल तुमच्याशिवाय कुणाला सांगत नाहीत. समोरासमोर बोलायची लाज वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून विचारता येते. तिथे नाव सांगावे लागत नाही.

जाताना दोघांनी मिळून जावे. बाईला स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे नर्सताईला आधी विचारून त्या दिवशी जावे. आणि फोड ओले असतानाच जावे. वाळल्यावर गेलात तर डॉक्टरांना पाहायला काही उरत नाही आणि पुन्हा पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते. बाजाराचा दिवस येईपर्यंत थांबू नका.